रफीक पेंटर आणि अंगठ्याएवढी पाटी

पाटी रंगवताना रफीकचाचा मधूनच ब्रश खाली ठेवत, रस्ता ओलांडून पलीकडे जात आणि एक डोळा मिटून आपल्याच अक्षरांकडे परक्यासारखे बघत. अकोल्यातल्या बहुतेक जुन्या दुकानांवर त्यांच्या हातच्या पाट्या होत्या. फ्लेक्स आले आणि काम आटलं. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत.

त्या वर्षांत कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाल्याच्या बातम्या वरचेवर येत. अमरावतीच्या आमच्या लहानशा ऑफिसात आम्ही शेतकऱ्यांसाठी मोबाइलचं ॲप तयार करत होतो. पाऊस, फवारणी आणि विषबाधा झाल्यास मदत, अशी तीन चित्रं. मदतीचं दाबलं की थेट रुग्णवाहिकेला फोन. ज्यांना वाचता येत नाही त्यांचा सगळा भरवसा चित्रांवर. ती मी काढली होती. एका मित्राने ती रफीक पेंटरला दाखवायला सांगितलं. मला ते कमीपणाचं वाटलं, तरी अकोल्याला गेलो.

चाचांनी माझा फोन फळीवर उभा केला आणि दहा पावलं मागे सरकले. मदतीचं चित्र हिरवं होतं. त्यात हात, पान, अधिकचं चिन्ह आणि सावलीसुद्धा.

"अंगठ्याएवढ्या पाटीत इतकं काहून भरून राहिले भाऊ?" ते म्हणाले. "मले त नुसता हिरवा ठिपका दिसून राहिला."

"दवाखान्याचा रंग आहे तो."

"असन. पण वावरात हिरवं म्हंजे समदं ठीक हाय."

लाल रंगाने लोक घाबरतील, असं आमच्या साहेबांचं मत मी सांगितलं.

"घाबरलेला माणूसच ते दाबणार हाय," चाचा म्हणाले.

मग तेच मला घेऊन अमरावतीजवळच्या भातकुलीला निघाले. भर दुपारी, उन्हात, त्यांनी ओळखीच्या सुमनबाईंच्या हाती फोन दिला. त्यांचे यजमान दुसऱ्यांच्या शेतात फवारणीला जात. "तुमच्या मालकाले चक्कर आली त काय दाबसान बाई?"

सुमनबाईंनी निळा थेंब दाबला. तो पावसाचा होता.

"चक्कर आली त पाणीच देतात ना," त्या म्हणाल्या. "हिरवं त पिकाचं असन."

परतताना चाचा एकदाही टोचून बोलले नाहीत.

आठ दिवसांनी त्यांनी कागदावर नवीन चित्र काढून दिलं. लाल पार्श्वभूमी, त्यावर पांढरा, डोकं धरून बसलेला माणूस. नाक-डोळे नव्हते. मी विचारलं तर म्हणाले, "डोकं धरलं का समजते. बाकी काहाले पाह्यजे?" फवारणी त्यांनी पिवळी केली, पाऊस निळाच ठेवला. साहेबांची समजूत घालायला मला महिना लागला.

पुढच्या हंगामात सुमनबाईंच्या यजमानांना शेतातच उलट्या सुरू झाल्या. बाईंनी लाल चित्र दाबलं, गाडी आली, आणि चौथ्या दिवशी ते घरी परतले. चाचा तेव्हा मोर्शीला मुलीकडे होते. दम्याने बोलणं तुटक झालं होतं. मी फोनवर सगळं सांगितलं.

"पयल्याच वेळी दाबलं?" त्यांनी विचारलं.

"नाही. घाईत बाईंचं बोट सरकलं म्हणे. आधी शेजारचं पिवळं दाबलं गेलं."



"मंग मधात जागा कमी हाय. दूर करा दोघाले."

पंधरा दिवसांनी ते गेले. चित्रं आम्ही तोवर एकमेकांपासून दूर केली होती. त्यांना दाखवायचं राहून गेलं.