मिटल्या डोळ्यांचा पाणबुड्या

दौंडला रेल्वेत पॉइंट्समन असलेले आमचे साहेबराव पाण्यात मासा आणि जमिनीवर म्हैस होते. जिना चढताना धापा टाकत; पण विहिरीत मोटर पडो, घागर पडो नाहीतर माणूस, कासुर्डीची काय न् पाटसची काय, जीप त्यांच्याच दारात. साहेबराव चहा पिऊन निघत, पडलेलं वर काढून देत आणि परत चहा पिऊन येत. यापलीकडे त्यांचा दर नव्हता.

रीत एकच. डोळे गच्च मिटायचे आणि हातापायांनी चाचपायचं. "गाळात डोळ्याचं काय काम? उगं माती जाती," असं ते म्हणत.

चौऱ्याण्णवच्या पुरात त्यांचा थोरला, सम्राट, भीमेत वाहून गेला. साहेबराव नदीचा तळ चाचपत राहिले. साऱ्या तालुक्याची माणसं काढून देणाऱ्याला स्वतःचा मुलगा सापडला नाही. "व्हतं तेवढं म्या केलं," या एका वाक्यावर ते पुढं जगले. त्यांच्या बायकोनं, चांगुणाबाईंनीही, ते वाक्य कधी हलवून पाहिलं नाही.

धाकटी दीक्षा अंदमानात नर्स झाली, आणि दोन हजार एक साली तिनं दोघांना बोलावलं. मद्रासपर्यंत रेल्वेचा पास, पुढं बोट. चांगुणाबाई म्हणाल्या, "दिसन् दिस पाणी बघत बसाया मला न्हाई जमायचं." साहेबराव एकटेच गेले.

तिथं समुद्रातलं अभयारण्य होतं. नावाड्यानं त्यांच्या डोळ्यांवर काच बांधली, तोंडात नळी दिली. भाड्याची चड्डी पोटाला घाबरून सारखी खाली सरकत होती.

"अंकल, किसी चीज को हाथ नहीं लगाना."

साहेबरावांनी नळी काढली. "मंग हुडकायचं कशानं?"

"हुडकायचं नाही, आप्पा," दीक्षा म्हणाली. "नुसतं बघायचं."

हाताची घडी घालून ते पाण्यावर उपडे पडले. बऱ्याच वेळानं वर आले.

"काय दिसलं?"

"काय न्हाई. अंधार हाय."

नावाडी दुखावला. त्याच्या समुद्राची अशी बेअब्रू आजवर कुणी केली नव्हती. दीक्षाला मात्र हसू फुटलं. "डोळे मिटले असतील तुम्ही. उघडा की."

साहेबरावांनी पुन्हा मान बुडवली. खाली पोवळ्यांची झुडपं, निळ्या-पिवळ्या माशांचा आठवडी बाजार, वाळूतली शिंपलीन् शिंपली. ते झटक्यानं वर आले आणि नावेची कड धरून राहिले.

"इतकं दिसतं व्हय गं पाण्यात?"

"इथं दिसतं. भीमेच्या पुरात काय दिसणार, आप्पा? सगळा गाळ."

"आसंल. पर म्या उघडून बघितलंच न्हाई ना."

दीक्षानं नदी, गाळ, पूर सगळं पुन्हा समजावलं. रडणाऱ्यांना समजावणं तिचं रोजचं काम. साहेबराव रडत नव्हते, त्यामुळं तिला पुढं सुचेना. नावेत चढून, पाण्याकडं पाठ करून ते किनारा येईपर्यंत बसले.

दौंडला परतल्यावर त्यांनी चांगुणाबाईंना माशांचं वर्णन हातवारे करून सांगितलं. एक मासा तर थेट स्टेशन मास्तरसारखा गाल फुगवून बघत होता म्हणे. बाई पोट धरून हसल्या.

"आन् डोळ्यात पाणी जात न्हाई?"

"काच असती."

"काच नसली तर?"

साहेबरावांचे हवेतले हात खाली आले. चांगुणाबाईंचं हसू हळूहळू ओसरलं. पुढचा प्रश्न त्यांच्या ओठापर्यंत आलेला साहेबरावांना दिसला. बाईंनी तो गिळला आणि उठून भाकरीचं पीठ मळायला घेतलं.