सुमनचा कप्पा मी पुसला

हे मी पोरींनाही कधी सांगितलं न्हाई. सुमनला तर न्हाईच – आणि आता ऐकायला ती उरली न्हाई.

आणीबाणी उठल्यावरची गोष्ट. लोणावळ्यात एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला. त्या खोलीत ओल येऊ द्यायची न्हाई, हे माझं काम. मी चौथीपर्यंत शिकलेला. माझी बायको सुमन, वलवणची, तितंच टायपिस्ट. टाइप करता करता ती प्रोग्रॅम लिहायला शिकली, मग रोजचं तेच काम. मशीन चालवणारी सिस्टिम युनिक्स नावाच्या सिस्टिमच्या वळणाची, पण तिचं स्वतःचं नाव पुण्यातसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. साहेब नाक मुरडायचे. सुमन म्हणायची, "आवो, लय गुणाची हाय. उगं बडबडत न्हाई."

खरंच गुणाची व्हती. एक छोटा प्रोग्रॅम आपलं काम करून दुसऱ्याच्या हवाली करायचा, दुसरा तिसऱ्याच्या – भाताच्या खाचरांतून पाणी खाली उतरत जातं ना, तसं. सुमन ते जोडायला बसली की मी बघतच राहायचो. एवढी हुशार बाई माझ्या वाट्याला कशी आली?

तिनं मलाही थोडं शिकवलं, सरावाला मशीनमधेच वेगळा कप्पा करून दिला. एकदा ती डबा धुवायला गेली आणि मी तिच्या जागेवर बसलो. माझ्या कप्प्यातला कचरा काढायचा व्हता. वाटलं, मी बसलो म्हंजे माझाच कप्पा उघडणार – पण मशीनला माणूस कुटं दिसतो? उघडा व्हता तिचा. सगळं पुसायचा हुकूम मी टाइप केला. काम झालं की ती सिस्टिम गप्प बसते. मला वाटलं, ऐकलंच न्हाई. उठलो.

गोदामातल्या मालाच्या हिशेबासाठी तिनं अख्खा पावसाळा खपून लिहिलेलं सगळं गेलं. टेपवरची नक्कल फार जुनी. मी पुसलं. मीच.

"तुमी हात लावलात का?" तिनं विचारलं.

"न्हाई बा."

का म्हणालो तसं? नोकरीची भीती – व्हय. पण तिच्यापुढं अडाणी ठरायची भीती जास्त. साहेब म्हणाले, बाईंना हे झेपायचं नाही. परत पत्रं टाइप करायला बसवलं तिला. ती भांडली न्हाई. "माझ्याच हातून झालं असंल," म्हणाली.

तिथून तिचा स्वतःवरचा भरवसाच गेला. कुलूप लावून पुन्हा ओढून बघायची. आमटीत मीठ घातलं का, ते मला विचारायची. शेवटच्या आजारातसुद्धा – "आवो, गोळी घेतली ना मी?"

मी "घेतलीस" म्हणायचो. मग ती निवांत डोळे मिटायची.