माळ्यावरचं कुटार

आमच्या घराचा माळा चिंचेच्या मडक्यांसाठी आणि मोडक्या खाटांसाठी होता. सत्तरच्या दशकात, लग्नानंतर, मी तिथे शिडीच्या जागी लाकडी जिना बसवला, एक खिडकी पाडली आणि बायकोचं शिलाई मशीन वर नेलं. खाली ते चालवणं शक्य नव्हतं. बाबा गिरणीत रात्रपाळी करत आणि दुपारी झोपत. पण चैत्रातच छपराच्या कवेलूंखाली, म्हणजे कौलांखाली, इतकं तापू लागलं, की तिच्या हातांच्या घामाचे डाग कापडावर पडू लागले. वैशाखातल्या लग्नांचे ब्लाउज तिने शिवायला घेतले होते. ते वेळेवर झाले नाहीत तर बायका पुन्हा यायच्या नाहीत, मग मशीन विकूनच टाकू, असं तिने मला सरळ सांगितलं.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. बायकोच्या अडचणीतही मला प्रयोग दिसला, हा माझा स्वभाव. प्रयोगशाळेतला थर्मामीटर मागून आणला. दुपारी तीनला माळ्यावर पंचेचाळीस, खाली छत्तीस. हे वरचे नऊ अंश कवेलूंतून उतरत होते, तेव्हा मध्ये काहीतरी भरायला हवं होतं. कळमेश्वरजवळच्या सासुरवाडीहून हरभऱ्याचं कुटार आणलं, म्हणजे मळणीनंतर उरतो तो भुसा. त्याची पोती वाशांच्या मधे दाबून बसवली, खालून बांबूचे तट्टे ठोकले, भिंत आणि छपरामधल्या फटीही बुजवल्या. दुसऱ्या दिवशी तीनला पारा एकेचाळीसवर. मी हुरळून गेलो.

तिथेच थांबायला हवं होतं. पण आम्हा नागपूरकरांना उन्हाळ्यावर एकच उपाय ठाऊक, वाळ्याची ताटी भिजवायची. खिडकीतला वाळा ओला केला की खोली गार होते, तर डोक्यावरचं कुटार ओलं केल्यावर किती गार होईल, असा माझा हिशेब. दोन दिवस कवेलू सरकवून झारीने पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी पारा पुन्हा पंचेचाळीसवर, चौथ्या दिवशी सत्तेचाळीसवर, आणि वास तर असा की नाक धरावं. तट्टा उचकटून पोत्यात हात घातला. आत कुटार नुकत्याच उतरवलेल्या भातासारखं गरम होतं. ऊन नाही, विस्तव नाही, मग ही उष्णता कुठली? मला इतका आनंद झाला की थर्मामीटर पोत्यात खुपसून मी तिला पाहायला हाक मारली.

ती आली ती मशीन खाली न्यायला. बाबांची झोप मोडली तरी चालेल, म्हणाली. मग माझा पडलेला चेहरा पाहून तिनेच समजावलं. ओलं कुटार कुजतं आणि कुजताना तापतं. तिच्या माहेरी कुटाराची गंजी भिजली की आधी उपसून उन्हात पसरतात. आम्ही सगळी पोती काढली, कोरडं कुटार भरलं, आणि कोंडलेली हवा बाहेर जावी म्हणून वरच्या फटी तिने स्वतः मोकळ्या केल्या. पारा चाळिसावर आला. एक सोडून सगळे ब्लाउज वेळेवर गेले, मशीन माळ्यावरच राहिलं.

शेवटचा ब्लाउज गेल्यावर मी विचारलं, "एवढं माहीत होतं, तं आधी काहून नाही सांगतलं वं?"

"सांगतलं होतं," ती म्हणाली. "तुमच्या हाती झारी देतानाच सांगतलं. तुमी आकडा पाहून राहिले होते."

मी पुष्कळ आठवून पाहिलं. त्या दिवसाचे सगळे आकडे आठवले. तिचं बोलणं काही आठवलं नाही.