मार्था आक्कांच्या चित्रातले दिवे

१९ जानेवारी, रविवार

गणपतीनंतर इथं एक ओळही लिहिली नाही. कारणं आहेत, पण लिहायला लागलो की ती सबबींसारखी दिसतात. तेव्हा नुसती माफी मागतो आणि कालच्या प्रवासाकडे वळतो.

निघायचं ठरलं ते नामदेवच्या फोनमुळे. नामदेव माझा कॉलेजातला मित्र, बेळगुंदीचा. शेती सांभाळून बेळगावात शाळेत शिकवतो. "आमच्या शाळेतल्या जुन्या बाई, मार्था आक्का, त्यांच्याकडं बायबलातली दोन चित्रं हायत. लई जुनी. सोमवारी लॅमिनेशनला टाकणार. बघायची असली तर त्याच्या आधी ये."

शनिवारी सकाळी कोल्हापूर सोडलं. हायवेचं रुंदीकरण चालू आहे, त्यामुळं कागलच्या पुढं सतत सर्व्हिस रोडवर उतरावं लागतं. घाई असेल तर अर्धा तास जास्त धरा. निपाणीत उप्पीट आणि चहा घेतला. गावात शिरताना तंबाखूचा वास येतो तसा आला, आणि पुढं तवंदी घाटात वारा लागल्यावर गेला. बेळगावात गाडी कॅम्पात झाडाखाली लावा आणि बाजारात रिक्षानं जा. खडेबाजारात गाडी नेणं म्हणजे दिवस घालवणं.

मार्था आक्का कॅम्पातच राहतात, थोरल्या भावाबरोबर. नामदेव मला त्यांच्याकडं घेऊन गेला. भाऊ दानीएल अण्णा, रेल्वेतून निवृत्त. दारातच म्हणाले, "कोल्हापूरहून चित्रं बघायला आलाय? आधी जेवा. उपाशी माणसाला सगळी चित्रं सारखीच दिसतात."

जेवणानंतर आक्कांनी टेबलावर धुतलेलं पांढरं पातळ पसरलं आणि दोन्ही चित्रं त्यावर ठेवली.

अशा चित्रांविषयी मी वाचलं होतं, हातभर अंतरावरून पहिल्यांदाच पाहत होतो. युरोपात दोन-अडीचशे वर्षांपूर्वी ही छापत आणि एकेक हातानं रंगवत. भिंग आणि आरसा बसवलेल्या पेटीतून ती बघायची. आरशात सुलट दिसावा म्हणून वरचा मथळा उलट्या अक्षरांत छापलेला असतो. पहिलं चित्र शलमोन राजाच्या मंदिराचं. खांबांच्या दोन रांगा आत आत जातात, फरशा लहान लहान होत जातात, आणि नजर आपोआप शेवटच्या दारापाशी पोचते. रंगवणाऱ्यानं गुलाबी आणि निळा अगदी मोकळ्या हातानं लावलाय, काही ठिकाणी रेघेबाहेरही. त्या घाईतही आभाळ मात्र वरून खाली इतकं हळुवार फिकं होत गेलंय की मी बराच वेळ फक्त आभाळच पाहत होतो.

दुसरं चित्र बेलशस्सर राजाच्या मेजवानीचं. ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी: बाबेलचा हा राजा मेजवानीला बसलेला असताना एक हात प्रकटतो आणि भिंतीवर अक्षरं लिहितो. कुणालाच ती वाचता येत नाहीत. शेवटी दानीएल नावाचा ज्ञानी माणूस वाचून दाखवतो की तुझं राज्य संपलं.

"ही अक्षरं पेटायची," आक्का म्हणाल्या. "मी चार वर्षांची असेन. बाबा कंदील आणायचे आणि भिंतीवर अक्षरं पेटायची."

"झालं सुरू!" अण्णा हसले. "साठ वर्सं ऐकतोय. कागद पेटला असता तर चित्र ऱ्हायलं असतं व्हय गं?"

"तू तवा मिरजेला मामाकडं होतास. तुला काय ठावं?"

"सपान पडलं असंल."

आक्कांनी चित्रावरची नजर काढून पातळाचा कोपरा सारखा केला. ही चेष्टा त्यांना लागते हे माझ्यासारख्या परक्यालाही कळलं.

ही चित्रं संडे स्कूलच्या हॉलमध्ये लावायची, हे त्यांच्या बऱ्याच दिवसांपासून मनात आहे. हॉलला ओल आहे, म्हणून लॅमिनेशन. ती कल्पना नामदेवची. "आमच्या जमिनीचा उतारासुद्धा लॅमिनेट केलाय मी. बुडवला तरी भिजत न्हाय." दोन्ही चित्रांना बारीक भोकं आणि चिरा होत्या. मागून पिवळ्या-तांबड्या पातळ कागदाची ठिगळं. "आज्यानंपण डागडुजी केलीय बघा," आक्का म्हणाल्या. "कसरीनं खाल्लंय." मीही मान डोलावली, कागद खाणारी कसरच म्हणालो. मेजवानीच्या चित्राला तर त्यांनी मागच्याच आठवड्यात गव्हाच्या खळीनं पूर्ण खाकी कागद चिकटवला होता, ठिगळांच्या वरूनच. "शाळेतली किती पुस्तकं अशीच वाचवली मी." काम खरंच सुबक होतं, एक सुरकुती नाही.

मंदिराच्या चित्राचा मथळा वाचायचा राहिला होता. मी म्हणालो, उजेडाकडं धरून मागून बघितलं तर अक्षरं सुलट दिसतील. अण्णांनी चित्र उचललं आणि दारात उन्हाकडं धरलं. मथळा त्यांनी वाचलाच नाही.

"मार्था," ते म्हणाले, "हिकडं ये. न्हाय, तिथंच थांब."

ते दाराच्या कडेला सरले आणि चित्राची पुढची बाजू आमच्याकडं करून ते उन्हात धरलं. मंदिराच्या सगळ्या खिडक्या उजळल्या होत्या. खांबाखांबावर पिवळा दिवा, वेदीवर तांबडा जाळ. कसरीची भोकं नव्हती ती. कुणीतरी सुईनं आणि पात्यानं, दिवा असेल तिथंच पाडलेली होती. ठिगळं म्हणजे त्या दिव्यांचे रंग.

मग आक्का टेबलाकडं गेल्या, मेजवानीचं चित्र तिरपं धरलं आणि भिंतीवरच्या अक्षरांवरून, कागदाला न टेकवता, बोट फिरवलं. तिरप्या उजेडात प्रत्येक अक्षरावर टोचलेल्या ठिपक्यांची रांग दिसत होती. त्यांनी ते उन्हाकडं धरलं. खाकी कागद काळाच राहिला.

"नाव दानीएल," त्या भावाला म्हणाल्या, "आन् साठ वर्सं भिंतीवरचं वाचता आलं न्हाय!" हसल्या, आणि हसता हसता खुर्चीत बसल्या. "आन् मी बघ. माझ्याच हातानं इझवलं."

अण्णांनी चित्र खाली ठेवलं. "चुकलो गं," एवढंच म्हणाले. नंतर बराच वेळ चष्मा पुसत होते.

संध्याकाळी आम्ही चौघं खडेबाजारात फ्रेमवाल्याकडं गेलो. लॅमिनेशन रद्द, मंदिराच्या चित्राला दोन्ही बाजूंनी काच, आणि काच कागदाला टेकता कामा नये.

"दोन्हीकडनं काच?" तो म्हणाला. "आक्का, फोटो लावताय का खिडकी?"

"खिडकीच," आक्का म्हणाल्या.

दुसऱ्या चित्राचं काय, हे त्यांनी मला विचारलं. नामदेव म्हणाला, ओल्या फडक्यानं सुटंल की. कागदाबरोबर रंगही सुटला तर? मी कसर म्हणालो होतो, आता कुठल्या तोंडानं सल्ला देऊ? म्हटलं, जाणकाराला विचारून कळवतो, तोवर पाणी लावू नका. अण्णांनी ते चित्र पातळात गुंडाळून स्वतःच्या कपाटात ठेवलं. म्हणाले, अक्षरं बघितल्याशिवाय मी काय जात न्हाय.

रात्रीचा मुक्काम बेळगुंदीला नामदेवकडं. आज सकाळी बेळगावातून कुंद्याची मिठाई घेतली आणि दुपारी घरी पोचलो.

तुम्हाला ही चित्रं बघायची असतील तर थोडं थांबा. घराचा पत्ता देणं मला योग्य वाटत नाही. हॉलमध्ये लागली की दिवसा जा, पाठीमागं खिडकी असेल अशी जागा आक्कांनी आधीच हेरून ठेवलीय. मी फोटो काढले नाहीत. काढायला हवे होते का, हा प्रश्न घाटभर सोबत होता. पण खिडक्या उजळल्या त्या क्षणी मी चित्राकडं कमी आणि आक्कांच्या चेहऱ्याकडं जास्त पाहत होतो, आणि माझ्याबरोबर घरी आलाय तो तोच चेहरा.

उद्या: पुण्यात जुने कागद दुरुस्त करणाऱ्या बाईंना फोन करून विचारणे, आठवड्यापूर्वी लावलेली गव्हाची खळ रंगाला धक्का न लावता सुटते का.