बाबारावची चेन

काल नंदनवन वस्तीत आमच्या इमारतीखाली कोणीतरी सायकलची चेन रॉकेलने धूत होतं. त्या वासाने मला थेट महाल भागातल्या बाबारावच्या सायकल दुकानात नेलं. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं आज लिहून टाकतो.

तेव्हा माझा कोणावरच विश्वास नसे. नवी चेन मी स्वतः निवडली होती, आडवी धरून ती फार लचकत नाही ना ते पाहून. पुढे ती साफ करायला देताना बाबाराव बदलेल, या संशयाने मी एका कडीवर आतून लाल रंगाचा ठिपका दिला. संध्याकाळी पाहतो तर ठिपका नाही.

"माझी चेन कुठाय?" मी गिऱ्हाइकांसमोर ओरडलो.

"हेच तं हाये, साहेब. मी काहून बदलवीन?"

"खूण केली होती मी!"

"मंग सरळ चोरच म्हणा ना मले!" त्याने स्वतःच्या सायकलची चेन काढली आणि माझ्या सायकलला चढवली. "न्या. परवाच टाकली होती."

मी नेली. आमच्या गल्लीतल्या लोकांनी त्याच्याकडे जाणं सोडलं.

दोन महिन्यांनी ती चेन मी घरीच धुतली. सवयीने तिच्यावरही ठिपका दिलेला होता. रॉकेलचं फडकं फिरवताच लाल रंग फडक्यावर आला आणि कडी कोरी निघाली.

बाबाराव चोर नव्हता. हे मला त्या दिवशीच कळलं होतं, तरी मी त्याच्याकडे गेलो नाही. त्याच्याच चेनवर पुढे सहा वर्षं ऑफिसला जात राहिलो.