लिफ्टमावशीचा पहिला प्रश्न

लिफ्ट मध्येच बंद पडली की आतला माणूस लाल बटण दाबायचा, आणि फोन वाजायचा लिफ्टमावशीच्या कानात. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तिचं काम एवढंच, की मेकॅनिक पोचेपर्यंत अडकलेल्याला बोलण्यात गुंतवून ठेवायचं. एवढंच म्हणायला काय जातं? कोंडलेलं माणूस काय काय बोलतं, ते तिच्या खुर्चीत बसून ऐकावं.

मावशी कधीच "घाबरू नका" म्हणायची नाही. तसं म्हटलं की माणसाला हमखास आठवतं, अरे, आपण घाबरायचं राहिलंच. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "हातात काय आहे तुमच्या?" मग पिशवीतल्या बटाट्यांवरून विषय घरापर्यंत जायचा, घरावरून सुनेपर्यंत, आणि एकदा सुनेचं निघालं की मेकॅनिकने दार उघडलं तरी सासूबाईंचा पाय बाहेर निघत नसे.

एके सकाळी तिच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका आला.

"मावशी, हा तुमचा मदतनीस, कॉम्प्युटरमधला," साहेब म्हणाला. साहेब वयाने तिच्या धाकट्या भावाएवढा आणि जिभेवर साखर. "नुसता ऐकणार. तुमचा भार हलका होईल."

मावशीने ठिपक्याकडे रोखून पाहिलं. इतकी वर्षं तिचा भार कुणाच्या डोळ्यांना दिसला नव्हता, तो आजच कसा दिसला? शिवाय जाऊबाईंचं प्रकरण ताजं होतं. त्या तिकीटखिडकीवर होत्या. नव्या यंत्राला जरा शिकवा म्हणाले, त्यांनी जीव तोडून शिकवलं, आणि शिकवून झाल्यावर त्यांनाच घरी बसवलं. आता दोन्ही संसार मावशीच्याच पगारावर चालत होते.

"तो काय शिकतोय माहितीय? तू," जाऊबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "तोंड सांभाळ बाई."

मावशीने तोंड सांभाळलं. हिरव्या ठिपक्यावर चिकटपट्टी लावली. ऐकणाऱ्याचे डोळे झाकून काय होणार, पण तिला तेवढंच बरं वाटलं. मग कंपनीचा छापील कागद पुढ्यात घेतला आणि येईल त्या फोनला तोच ऐकवायला लागली: "आपण सुरक्षित आहात. मेकॅनिक निघाले आहेत. कृपया शांत राहा." शीक म्हणावं हे.

साहेब येता-जाता डोकवायचा, स्क्रीनकडे बघून ओठ चावायचा. मावशीला आतून गुदगुल्या व्हायच्या. पण पलीकडची माणसं रडायची, ओरडायची, एकाने तर दारावर लाथा घालून पाय सुजवून घेतला. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. मेल्या यंत्रापायी आपण जिवंत माणसांचे हाल करतोय, हे तिला कळत होतं. तरी ती कागद सोडेना.

मग एका दुपारी एका म्हातारीचा फोन आला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली, आतला दिवा गेलेला. मावशीने कागद वाचला. पलीकडे धाप लागलेली ऐकू येत होती.

"तिकडे मशीन आहे का हो?" म्हातारी कशीबशी म्हणाली. "कुणीतरी माणूस द्या ना मला."

मावशीने चिकटपट्टीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि कागद उपडा घातला.

"माणूसच आहे, आजी. हातात काय आहे तुमच्या?"

"बूट. ह्यांचे. टाचा लावून आणल्यात."

"एवढ्यात झिजल्या?"

"पाय ओढत चालतात ना. चाळीस वर्षं सांगतेय, पाय उचला म्हणून."

"मग पुढच्या वेळी टाचाच लावू नका. आपोआप उचलतील."

म्हातारी हसली. श्वास खाली बसला. दार उघडेपर्यंत नवऱ्याची सगळी गाऱ्हाणी सांगून झाली, आणि मावशीने राखून ठेवलेलं सगळं काढलं: कुठे थांबायचं, कधी चिडवायचं, कधी नुसतं हं म्हणायचं. खूप दिवसांनी तिला मनापासून बरं वाटलं.

साहेब टाळ्या वाजवतच आला. "कमाल केलीत, मावशी. हेच हवं होतं आम्हाला. कधीपासून वाट बघत होतो." आणि त्याने चिकटपट्टी अलगद, नखाने सोलून काढली.

मावशीने उपडा कागद घाईघाईने पुन्हा सुलटा केला.

महिना उलटायच्या आत एक फोन वाजला आणि तिचं बोट बटणापर्यंत पोचण्याआधीच उचलला गेला. कुणीतरी बाई आत रडत होती. मावशीच्या हेडफोनमध्ये एक अनोळखी, मऊ आवाज म्हणाला, "हातात काय आहे तुमच्या?"

मावशीने हेडफोन कानावर दाबून धरला. बाई आता ओरडेल, माणूस द्या म्हणेल. ओरड ना बाई, ती मनात म्हणाली.

बाईचं रडणं थांबलं. "बटाटे आहेत," ती म्हणाली आणि घरचं सांगायला लागली.