नोकरी लागली की ग्रुप सोडायचा

हा आमच्या ग्रुपचा पहिला नियम, आणि तो मी केला होता. दुसऱ्या कुणावर ढकलायला जागा नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

ग्रुप म्हणजे मोबाईलवरचा. कोल्हापूरच्या आसपासच्या कारखान्यांतल्या जागा आणि त्या जागा शोधणारी माणसं एका ठिकाणी यावीत म्हणून काढलेला. मी एका फाउंड्रीत नोकरभरती बघते. एकदा दुपारी गेटवर गेले, तर वॉचमन भडंग खात बसलेला. भडंग कशावर ओतलेलं, तर सकाळी लोक देऊन गेलेल्या बायोडेटावर. वरच्याच कागदावर कुणाचा तरी टाय लावलेला फोटो आणि त्या टायवर तेलाचा डाग. डोस्कंच फिरलं माझं. वॉचमनला भरपूर झाडला, पण झाडता झाडताच कळत होतं, ह्यात त्याची चूक ती काय? आतून कुणी ते कागद मागितलेच नव्हते. आतून म्हणजे मीच. त्याच आठवड्यात अकरा जणांचा ग्रुप केला, त्यात माझ्यासारखे भरती बघणारे चौघं घातले.

नियमामागचं कारण साधं होतं. ग्रुप बघता बघता भरला, बाहेर लोक वाट बघत बसले. ज्यांना नोकरी लागली ते आत बसून नुसती फुलांची चित्रं पाठवायचे. मग मी जाहीर केलं, की नोकरी लागली की पेढ्याचा फोटो टाकायचा, सगळ्यांचं अभिनंदन घ्यायचं आणि संध्याकाळच्या आत बाहेर पडायचं. लोकांना हे लई आवडलं. कुणाच्या नावापुढं ‘ग्रुप सोडला’ अशी ओळ आली, की पाठोपाठ पेढ्यांचा पाऊस. लेक सासरी निघाली तर लोक रडतात तरी. आमच्यात कुणी निघालं की सगळे नाचायचे.

गरज सरो, वैद्य मरो, हेच मी नियम म्हणून लिहून ठेवलंय, हे तेव्हा डोक्यात शिरलं नाही. कुठल्या कारखान्यात काय विचारतात, कुठला साहेब कसा आहे, हे ज्यांना कळलं त्यांनाच आम्ही दार दाखवत होतो. दर महिन्याला ग्रुप पुन्हा कोरा. दिवसभर ‘कुठं जागा हाय का’, मध्येच देवांचे फोटो, मध्येच परदेशात पाठवतो म्हणणारे एजंट. माझ्याबरोबरच्या भरतीवाल्यांनी ग्रुपचा आवाज बंद करून टाकला. दोनदा ग्रुप मेल्यात जमा झाला.

तेव्हा तो आला. हुपरीचा, पन्नाशीला टेकलेला. एका मशीन शॉपमध्ये बावीस वर्षं मापं तपासायचं काम केलेला. मालकाच्या पोरांनी शॉप बंद केलं आणि हा घरी बसला. बायको घरात पैंजणांच्या कड्या जोडायची, हाही तिच्या शेजारी बसून कड्या जोडायचा, आणि जोडता जोडता ग्रुप वाचायचा. वयानं माझ्याहून मोठा, पण मला अक्का म्हणायचा. मी दादा म्हणायचे. ग्रुपनं त्याला मास्तर करून टाकलं.

त्याचा पहिला मेसेज नोकरी मागणारा नव्हता. कुणीतरी आपला बायोडेटा टाकला होता, त्याला ह्यानं लिहिलं, वडलांचं नाव, जात, छंद हे सगळं खाली घाल, तुला माप घ्यायचा व्हर्निअर धरता येतंय का ते वर लिही. मग दुसऱ्याचा तपासला, मग तिसऱ्याचा. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा वाजता फोनवर खोट्या मुलाखती घ्यायला लागला. ह्या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं, विचारलं नव्हतं. तो कारखान्यात माल तपासायचा तसा माणसं तपासून पुढं सोडायचा.

आणि त्यानं आम्हा भरतीवाल्यांना धरलं. म्हणाला, माणूस अर्ज करतो आणि महिना-महिना मोबाईल उघडून बघत बसतो, हे काय बरं न्हाय. घ्यायचं नसेल तर घेऊ नका, पण एक ओळ लिहा. न्हाय, आणि कारण. आमचे लोक कुरकुरले. एकानं मला फोन करून विचारलं, हा कोण लागून गेला शहाणा? मीच सगळ्यांना तंबी दिली, की ज्याला एक ओळ लिहायला जड जातंय त्यानं ग्रुपवर जागा टाकू नये. हळूहळू ओळी यायला लागल्या. ‘न्हाय, वेल्डिंगचा सराव कमी पडला.’ ‘न्हाय, तुमच्या गावाहून पहिल्या पाळीला पोचता येणार नाही.’ लोकांना राग यायचा, पण लोक थांबायचे. ग्रुप टिकायला लागला तो तिथून. गगनबावड्यापासून कबनूरपर्यंतची माणसं आली. मेल्यात जमा झालेल्या ग्रुपला त्या एका ओळीनं उठवून बसवलं, आणि ती ओळ त्याची होती.

त्याला स्वतःला आलेल्या ओळी तो ग्रुपवर टाकायचा. सगळ्यांत एकच कारण, वय. वर लिहायचा, ‘कळवल्याबद्दल आभारी हाय.’ दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मग आमच्याच कारखान्यात तपासणी खात्यात जागा निघाली. साहेबांनी वयाची अट घातली नव्हती, उलट मुरलेला माणूस बघा म्हणाले. त्यानं अर्ज मोबाईलवर पाठवला नाही. हुपरीच्या एसटीनं स्वतः घेऊन आला. शर्टाला कडक इस्त्री, हातात कापडी पिशवी, पिशवीत त्याचा स्वतःचा मायक्रोमीटर. चहा घेतला, अर्धा कप ठेवला. जाताना म्हणाला, ओळखीवर घालू नका अक्का, हात बघून घ्या म्हणावं.

तो गेला आणि मी तो कागद खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

तीन आठवड्यांनी आमचा रोजगार मेळावा होता. पहिल्यांदाच सगळा ग्रुप समोरासमोर येणार होता. हॉल ठरलेला, कारखाने येणार होते, आणि कुणी कुठल्या टेबलाला किती वाजता जायचं ती सगळी यादी त्याच्या डोक्यात. त्याला आत्ता नोकरी लागली तर पेढा टाकून संध्याकाळी बाहेर. मग मेळावा कोण बघणार? ग्रुप कोण चालवणार? मी स्वतःची समजूत घातली, की मेळावा होऊ दे, मग कागद पुढं सरकवू, तीन आठवड्यांनी काय बिघडतंय. खरं सांगते, वाईट हेतू नव्हता. पण हेतू चांगला होता असंही म्हणायला जीभ रेटत नाही. मला तो हवा होता, आणि नोकरी नसलेलाच हवा होता.

साहेब थांबायला तयार नव्हते, माणूस द्या म्हणून रोज टुमणं. मी दुसरे चार अर्ज पुढं केले. त्यातली गगनबावड्याची एक मुलगी निवडली गेली. हुशार, मापाला पक्की. तिला तयार केलं होतं मास्तरनंच, सहा शुक्रवार फोनवर. तिनं पेढ्याचा फोटो टाकला, आमच्या कारखान्याचं नाव टाकलं. पहिलं अभिनंदन त्याचं आलं. ते वाचून मी मोबाईल पालथा ठेवला.

त्याच्या आधी एकदा त्यानं विचारलं होतं, अक्का, त्या जागेचं काय झालं? मी म्हटलं होतं, चाललंय, बघू. मुलगी लागल्यावर तरी एक ओळ लिहायला हवी होती. जगाला तंबी देणारी मी. पण ‘न्हाय’च्या पुढं कारण काय लिहू? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी काहीच लिहिलं नाही, आणि त्यानंही परत विचारलं नाही.

मेळावा दणक्यात झाला. तो सकाळपासून दारात उभा होता, येणाऱ्याला पाणी आणि चिठ्ठी देत. माझ्याशी नेहमीसारखा बोलला. कितीतरी जणांना त्या दिवशी तिथल्या तिथं नोकरी लागली, लोकांनी त्याच्या पाया पडून फोटो काढले. मी ठरवलं, आता ह्याचा कागद काढायचा. पण कुठल्या जागेसाठी काढणार? जागा तर भरली होती.

मेळाव्यानंतर नवव्या दिवशी सकाळी मी ऑफिसात शिरते न शिरते, तोच त्याच्या नावापुढं ओळ आली, ‘ग्रुप सोडला’.

ग्रुपला आनंदाचं उधाण आलं. पेढे, फटाके, मास्तर जिंकले, मास्तर, पार्टी पायजे. आमच्यात सोडला म्हणजे लागली, दुसरा अर्थच नव्हता. मीही लिहिलं, ‘पेढे घेतल्याशिवाय सोडणार न्हाय मास्तर.’ तो बाहेर पडला होता, त्याला ह्यातलं काही दिसणार नव्हतं, हेसुद्धा कुणाच्या ध्यानात आलं नाही. मला तर सुटल्यासारखं वाटलं. कुठंतरी लागली बाई एकदाची, माझ्यावरचं पाप गेलं. इतक्या माणसांनी अभिनंदन केलं, त्याला फोन मात्र एकानंही केला नाही. मीही नाही. मी लाजेनं टाळला आणि त्या टाळण्याला मान देणं असं नाव दिलं, की नव्या नोकरीत असेल, सवडीनं करेल तोच.

दीड महिन्यानं, एका रविवारी, भाचीच्या पैंजणासाठी हुपरीला गेले. येताना त्याच्याकडं जाऊ म्हणून अर्धा किलो पेढे घेतले होते. घर विचारत गेले. दार उघडंच होतं. तो बायकोशेजारी खाली बसून कड्या जोडत होता.

मी पेढे हातात धरून तशीच उभी. तो म्हणाला या अक्का, बसा. बायकोनं पाणी दिलं. मी विचारलं, आज सुट्टी व्हय? त्यानं माझ्याकडं बघितलं, मग पेढ्यांच्या बॉक्सकडं बघितलं, आणि त्याला सगळं कळलं.

“मला कुठं लागलीया नोकरी,” तो म्हणाला. “मी आपला निघालो. त्या पोरीला लागली ते ब्येस झालं, मीच तयार केलती की तिला. पण तुम्ही न्हाय म्हणाला असता, तर मी थांबलो असतो अक्का. न्हाय ऐकायची सवय हाय मला.”

मला रडू आलं. त्याच्यासमोर रडायचा मला हक्क नव्हता, तरी आलं. आणि मी सांगून टाकलं. कागद पुढं पाठवलाच नव्हता, तुम्ही ग्रुप सोडून जाल म्हणून. बायकोचे हात थांबले. त्याचे चालूच होते. बराच वेळ तो एकच कडी बसवत होता.

“नियम तुमचाच हुता की,” तो म्हणाला. “बदलायचा की.”

एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मीही वरच्या पट्टीतली बाई, भांडण मला पेलतं. पेढ्यांचा बॉक्स त्याच्या बायकोनं घेतला नाही, तो मी पिशवीत घालून परत आणला.

नियम मी दुसऱ्या दिवशी बदलला. बैल गेला आणि झोपा केला. आता नोकरी लागलेले ग्रुपमध्येच राहतात, नव्यांचे बायोडेटा तपासतात, मंगळवार-शुक्रवारच्या मुलाखती घेतात. गगनबावड्याची ती मुलगीसुद्धा परत आली, घेते. लोक मला विचारतात, ग्रुप इतका टिकवला कसा? त्यांना मी काय सांगू? नियम बदलला, एवढंच म्हणते.

परवा आमच्याकडं पुन्हा तपासणीतली जागा निघाली. त्याच दुपारी खालच्या ड्रॉवरमधला तो कागद काढून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला, मी समोर उभी राहिले. साहेबांनी वाचला, म्हणाले, असा माणूस होता तर आधी का नाही दाखवला? उद्याच बोलवा. मी तिथनंच त्याला मेसेज केला, की जागा पक्की आहे दादा, नुसतं या.

मला वाटलं, आता चार दिवस वाट बघायला लावेल, आणि लावू दे. दहा मिनिटांत उत्तर आलं.

‘न्हाय. कारण, कुणाच्या शब्दावर वाट बघायचं बळ आता राहिलं न्हाय, आणि कड्यांवर हात बसला हाय. कळवल्याबद्दल आभारी हाय.’